अर्थशास्त्रात संशोधन सुरू करताय? आधी ताळा करा

सेट, म्हणजे प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा, निघाली, पीएचडीचं रजिस्ट्रेशन झालं, की मुलं पहिलं विचारतात, "मॅडम, विषय कोणता घेऊ?" माझा विषय पीएचडीच्या आधीच ठरला होता. आई पहाटे गोठा उरकायची, मग दिवसभर आमच्याच रानात खुरपायची. राष्ट्रीय नमुना पाहणीत, म्हणजे सरकारच्या घरोघरच्या सर्वेक्षणात, अशा बाईला २१ हा कोड मिळायला हवा, घरच्या उद्योगातली बिनपगारी मदतनीस. पण "तुम्ही काय करता?" म्हटल्यावर ती सांगणार, "काही नाही, घरीच असते." मग पडतो ९२, म्हणजे नुसतं घरकाम. ग्रामीण स्त्रियांचं न मोजलं जाणारं काम, यावरच मी आजही संशोधन करते.

आता मी कुठे फसले ते नीट ऐका. याच पाहणीच्या २०११-१२ च्या ६८व्या फेरीची रोजगाराची कच्ची माहिती मी स्टाटा या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली आणि थेट टक्केवाऱ्या काढल्या. वेट, म्हणजे प्रत्येक घराचा भार, लावलंच नाही. पाहणीतली १,०१,७२४ कुटुंबं म्हणजे भारताची छोटी प्रतिकृती, असं मी धरून चालले होते. तसं नसतं. त्यातली ४२,०२४ शहरी होती, म्हणजे ४१ टक्के. २०११ च्या जनगणनेत शहरी लोकसंख्या होती ३१ टक्के. शिवाय खेड्यात सधन घरांची यादी वेगळी करून त्यातून ठराविक घरं घेतात. त्यामुळे नमुन्यातलं एक घर शेकडो घरांचं प्रतिनिधी असतं, तर दुसरं हजारोंचं. हे कळतं फाइलमधल्या गुणकावरून, वेट त्यातूनच काढतात. एनएसएस आणि एनएससी हे दोन रकाने सारखे असतील तर गुणक भागिले १००, वेगळे असतील तर भागिले २००. पीएलएफएस या नंतरच्या श्रमबल पाहणीच्या २०२३-२४ पर्यंतच्या वार्षिक आकड्यांना तिमाहींच्या संख्येनेही भागावं लागतं. मी हे काहीच केलं नव्हतं, म्हणून नोकरदार बायकांचं प्रमाण फुगलं. सबमिशनपूर्व सादरीकरणात एका परीक्षकांनी एवढंच विचारलं, "वेट लावलं का?" तीन प्रकरणं पुन्हा लिहिली, अकरा महिने गेले. तो प्रश्न आठवला की अजून पोटात गोळा येतो.

म्हणून पहिलं टेबल स्वतःचं काढूच नका. छापील अहवालातलं एक टेबल घ्या, तोच आकडा तुमच्या फाइलमधून निघतो का बघा. ताळा जमला की पुढे जा. आठ दिवस लागले तरी लागू द्या. कुणाची तयार डू-फाइल, म्हणजे स्टाटाच्या आज्ञांची फाइल, मागून आणू नका. त्यातली चूकही तुमच्या नावावर लागते.

गाइड निवडताना नाव बघू नका. तुमचं प्रकरण पेनाने खरडून परत देणारा माणूस शोधा. माझ्या गाइडनी माझी टेबलं कधी उघडून पाहिली नाहीत. पैसे भरून पेपर छापणाऱ्यांच्या वाटेला तर जाऊच नका, मुलाखतीत तो पेपर समोर ठेवून प्रश्न विचारतात.

सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवत पीएचडी होते, मी केली. सुट्टीत मानधन नसतं, त्याची सोय आधी करा. गणित कच्चं आहे म्हणून मात्र मागे फिरू नका. दांडेकर आणि रथ या अर्थतज्ज्ञांनी १९७१ साली दारिद्र्याचा प्रश्न मांडला तो नमुना पाहणीच्या खर्चाच्या तक्त्यांवरूनच. ते वाचायला पदवीपर्यंतचं गणित पुरतं.

आणि सुट्टीत गावी गेलात तर घरातल्या एखाद्या बाईला पाहणीचे प्रश्न विचारून बघा. आधी "काय करता?" विचारा, मग "काल सकाळपासून काय काय केलंत?" दोन्ही उत्तरं वहीत शेजारी शेजारी लिहा.