सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांसाठी जुनी बाईक निवडताना

बाईक पसंत करण्याआधी ती आडवी पाडा आणि एकट्याने उचलून बघा. विकणारा पाडू देणार नाही, मान्य. मग तेच मॉडेल असलेला एखादा मित्र गाठा, त्याला मिसळ खाऊ घाला आणि त्याची पाडा. जुन्या बाईकबद्दल कुणी विचारलं की मी आधी हेच सांगते, कारण पुण्यात सगळे सीसी आणि बीएचपीवर भांडतात, वजनाबद्दल कुणी बोलत नाही.

रविवारी ताम्हिणीच्या डांबरावरून जाऊन भजी खाऊन परत येणाऱ्यांसाठी हे लिहिलेलं नाही. त्यांना कुठलीही धड बाईक चालते. केळदच्या पुढे मढे घाटाच्या माथ्यावर, पानशेतच्या मागच्या वाड्यांकडे किंवा भोरच्या आतल्या रस्त्यांवर मुरूम, चिखल आणि ओढ्यातले गोटे असतात. तिथे गाडी पडते. प्रत्येकाची पडते. उचलायला दरवेळी गावातला कुणी दादा येईलच असं नाही.

माझी उंची पाच फूट तीन इंच. नोकरी भोसरीत, एका कारखान्यात क्वालिटीला, म्हणजे दुसऱ्याच्या मालात खोट काढायचाच मला पगार मिळतो. पुढचं सगळं त्या नजरेने वाचा.

माझी पहिली पसंती हिरो एक्सपल्स २००. गाडी २०१९ ला आली. वजन दीडशे किलोच्या थोडं वर, पुढचं चाक एकवीस इंची, मागचं अठरा, दोन्ही स्पोकची. ग्राउंड क्लिअरन्स २२० मिलिमीटर. मोठ्या शहराबाहेरच्या फिटरलाही हिरोच्या गाडीची भीती वाटत नाही, हा फायदा ब्रोशरमध्ये छापत नाहीत. खोट म्हणाल तर हायवे. ऐंशीच्या पुढे जुनं दोन व्हॉल्व्हचं इंजिन कुरकुरतं, साताऱ्याकडे जाताना ट्रक तुमच्या मागे हॉर्न देत बसतो. ऑक्टोबर २०२१ पासून आलेली फोर-व्ही, म्हणजे चार व्हॉल्व्हची, त्या मानाने बरी. पैसे पुरत असतील तर तीच शोधा. एक्सपल्स २००टी ही वेगळी गाडी आहे, सतरा इंची अलॉय चाकांची आणि रस्त्यासाठी बनवलेली. ‘एक्सपल्सच आहे ना’ म्हणत ती कुणी गळ्यात मारत असेल तर हसून निघा.

रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४११ चं प्रकरण नाजूक आहे. सीट जेमतेम ८०० मिलिमीटर, म्हणून बुटक्या लोकांना शोरूममध्येच प्रेम होतं. पाय जमिनीला टेकले की वजन विसरायला होतं आणि ते आहे जवळजवळ दोनशे किलो. उलट एक्सपल्सची सीट सव्वाआठशेच्या आसपास. पण हलकी गाडी एका बाजूला किंचित सरकून एका पायावर सांभाळता येते. दोनशे किलो एकदा कलायला लागले की दोन्ही पाय टेकूनही उपयोग नाही. तरीही सामान लादून स्पितीला जायचं असेल, मागे कुणी बसणार असेल, तर हिमालयनच घ्या. ३२ न्यूटन मीटरचा टॉर्क खालच्या आरपीएमलाच मिळतो, चढावर क्लच जाळावा लागत नाही. २०१६ च्या पहिल्या, कार्ब्युरेटरच्या गाड्यांना मी लांबून नमस्कार करते. २०१७ मध्ये फ्युएल इंजेक्शन आलं, २०१८ मध्ये एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा. २०२० च्या बीएस-सिक्स गाडीत मागचा एबीएस बंद करता येतो. खडीच्या उतारावर हे फार उपयोगी पडतं, कारण एबीएस ब्रेक सोडत राहतो आणि गाडी घसरगुंडीसारखी खाली जात राहते. एक्सपल्सच्या सिंगल चॅनल गाड्यांत एबीएस फक्त पुढच्या चाकाला, त्यामुळे तिथे हा प्रश्नच नाही.

केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर आपल्या चाकणलाच बनते आणि बंगळूर हायवेवर तिला तोड नाही. पहिल्या गाड्यांत ४३ घोडे आहेत. पण त्यांची पुढची चाकं एकोणीस इंची अलॉयची, सीट ८५५ची, आणि रेडिएटर पुढेच, दगड लागेल असा. कच्च्या रस्त्याचं प्रमाण दहातला एक भाग असेल तरच बघा. हिरोची जुनी इम्पल्स १५० कुठे नीट ठेवलेली दिसली, तर मात्र मला कळवा. हलकी आणि गुणी गाडी होती, २०११ ची. फक्त तिचं प्लॅस्टिक आता मिळता मिळत नाही.

स्पोक की अलॉय, यावर थोडं थांबा. दगडावर आपटलं की अलॉय वाकतं किंवा तडकतं. स्पोकची रिम सहसा थोडी आउट होते आणि फिटर ती खेचून देतो. पण एक्सपल्स आणि हिमालयन ४११, दोघींच्या टायरमध्ये ट्यूब आहे. पंक्चर झालं की आख्खं चाक काढावं लागतं. केळदच्या रस्त्यावर ते तुम्हालाच करायचं आहे, तेव्हा घेण्याआधी एकदा शिकून घ्या.

आता तपासणी. सकाळी जा, आणि गाडी आधी चालू करून ठेवू नका असं फोनवरच बजावा. पोचल्यावर पहिल्यांदा इंजिनला हात लावा. गरम लागलं तर चहा घ्या आणि थंड होईपर्यंत थांबा. थंड इंजिन किती नखरे करून सुरू होतं हेच तर बघायचं असतं. चावी फिरवल्यावर चेक इंजिनचा दिवा आधी लागला पाहिजे, मग इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. लागलाच नाही तर कुणीतरी तो लपवलाय.

मग खाली वाका. बॅशप्लेटवर, म्हणजे इंजिनखालच्या संरक्षक पत्र्यावर, ओरखडे असणारच, ते चांगलंच. तिच्यामागे इंजिनच्या केसला वेल्डिंग किंवा एम-सील दिसलं तर नको. हँडल पूर्ण डावीकडे-उजवीकडे वळवून चेसिसवरचा लॉकचा स्टॉपर, म्हणजे हँडल जिथे अडतं तो ठोकळा, बघा. तो चेपलेला किंवा त्याच्या आसपासचा रंग नवा असेल तर गाडी नुसती पडलेली नाही, आदळलेली आहे. पुढचं चाक अधांतरी करून हँडल हळू फिरवा. मधोमध ‘खट्’ लागलं तर कोनसेट, म्हणजे हँडलचे बेअरिंग, गेला. स्पोकवर पान्याने हलकेच टिचक्या मारा. खणखणीत आवाज आला तर घट्ट, बद्द आला तर ढिला. फोर्कच्या, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनच्या, नळीवर तेलाची रेघ दिसली तर ऑइल सील गेलं. मी खिशात व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) नेते. ब्रेक डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, ती मोजून दाखवली की विकणाऱ्याचा आवाज एकदम खाली येतो.

पडलेल्या गाडीला घाबरू नका. ओरखडे, वाकलेला लिव्हर हे या धंद्याचे दागिनेच. मला संशय येतो तो पाच वर्षांच्या गाडीवरच्या कोऱ्या प्लॅस्टिकचा. पाण्यात बुडालेली गाडी मात्र फुकट दिली तरी नको. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्याला एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा पार्किंगमधल्या गाड्याही पाण्यात होत्या. सीटखालचे वायरिंगचे कनेक्टर सोडवून बघा. हिरवट बुरशी, एअरबॉक्सच्या कोपऱ्यात गाळ, हेडलाइटच्या आत सुकलेली रेघ, यातलं काहीही दिसलं तरी निघा. ‘मॅडम, सिंगल हँड, फक्त ऑफिसला वापरली’ हे ऐकून घ्या आणि फुटरेस्टचं रबर बघा. मीटरवरचे किलोमीटर खोटे असू शकतात, झिजलेलं रबर खोटं बोलत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५. थकलेली ई-चलनं ऑनलाइन तपासा आणि ती भरल्याशिवाय पैसे देऊ नका. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. एप्रिल २०१९ आधीची नोंदणी असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली आहे का बघा. परराज्यातली गाडी स्वस्त दिसते, पण एनओसी आणि इथला टॅक्स धरला की स्वस्ताई बरीचशी संपते. एमएच-१२ (पुणे) किंवा एमएच-१४ (पिंपरी-चिंचवड) पासिंगचीच बरी.

आणि ठरवलेली सगळी रक्कम गाडीत घालू नका. पाचवा हिस्सा बाजूला ठेवा. मागच्या मालकाचे गुळगुळीत टायर, हुकासारखे वाकलेले स्प्रॉकेटचे (चेनच्या दातेरी चाकाचे) दात, काळंकुट्ट फोर्क ऑइल हे सगळं पहिल्याच महिन्यात बदलायचं असतं. टायर आधी बदला, क्रॅशगार्ड आणि फॉगलॅम्प नंतर. नाना पेठेत, पुण्याच्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात, गेलात की लोकांचं नेमकं उलटं होतं.