सरकारी पत्र आलं: नियमन की जबरदस्ती, हे कसं तपासायचं

अमुक मजकूर काढा, असं सरकारी पत्र किंवा फोन आला, तर ते कायदेशीर नियमन की जबरदस्ती? सक्ती तर प्रत्येक कायद्यात असतेच. युरोपच्या जीडीपीआर या वैयक्तिक माहिती-संरक्षणाच्या कायद्यात गंभीर उल्लंघनाला २ कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या ४ टक्के, यांपैकी जास्त असेल तिथपर्यंत दंड होऊ शकतो. पण दंड मोठा म्हणून तो बेकायदा दडपण होत नाही. त्याची कमाल मर्यादा लिहिलेली आहे, त्याविरुद्ध न्यायालयात जाता येतं.

म्हणून रक्कम पाहू नका, आधी कलम शोधा. कोणता कायदा, कोणतं कलम, सही कोणाची, आणि सही करणाऱ्याला तो अधिकार आहे का? कलमच नसेल तर एका ओळीचं उत्तर पाठवा: 'हा आदेश कोणत्या तरतुदीखाली आहे, ते कळवावं.' भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने गोपनीयतेवरच्या बंधनांना तीन कसोट्या लावल्या: कायदा, वैध हेतू, प्रमाणबद्धता. पहिलीच पार झाली नाही तर पुढच्या दोन पाहायची गरज उरत नाही.

'विनंती' या शब्दावर विसंबू नका. अमेरिकेतल्या बँटम बुक्स खटल्यात (१९६३) ऱ्होड आयलंड राज्याचा आयोग पुस्तक-वितरकाला आक्षेपार्ह ठरवलेली पुस्तकं न विकण्याच्या 'सहकार्याबद्दल' आगाऊ आभाराची पत्रं पाठवी आणि त्यातच खटल्याची शिफारस करणं हे आपलं कर्तव्य असल्याची आठवण करून देई. पाठोपाठ पोलीस चौकशीला येत. पत्र सभ्यच होतं, तरी न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. तेव्हा चार गोष्टी ताडा: भाषा, लिहिणाऱ्याचा तुमच्यावरचा अधिकार, परिणामांचा उल्लेख, आणि घेणाऱ्याला ती धमकी वाटली का. परवाना ज्याच्या हातात, त्याची सूचनाही जड असते. मात्र नियामकाने नुसतं मत मांडणं, टीका करणं ही जबरदस्ती नव्हे. इथे बरेच जण उगाच उतावीळ होतात.

खरी चूक नोंदीत होते. फोन आला, मजकूर काढला, कागद नाही. अमेरिकेतल्याच मूर्ती विरुद्ध मिसूरी खटल्यात (२०२४) फिर्यादी दारातच अडले, दावा करण्याचा हक्कच सिद्ध करता आला नाही: समाजमाध्यम कंपन्या आपल्या धोरणानुसारही मजकूर काढत होत्या, त्यामुळे कोणती कारवाई सरकारच्या दबावाने झाली हे जोडता आलं नाही. म्हणून फोन ठेवताच तारीख, वेळ, अधिकाऱ्याचं पद आणि त्याचे नेमके शब्द लिहा. त्याच दिवशी 'आपण असं सांगितलंत' असा ईमेल त्यालाच पाठवा. मजकूर काढण्याआधी त्याची प्रत जपा, आणि तुमच्या धोरणाचं कोणतं कलम लागू झालं तेही टिपा. तसं एकही लागू होत नसेल, तर तेच स्पष्ट लिहा.