सीरम किती वेळा धुतलंस?

सोलापुरात एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी करताना प्रोजेक्टसाठी पुण्याला गेले, तोवर सेल कल्चर, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवणं, मी फक्त पुस्तकात पाहिलं होतं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं तसंच असणार, म्हणून हे लिहितेय.

माझा विषय होता, पेशींना एन्झाइम लावल्यावर इन्फ्लुएन्झाची लागण कमी होते की वाढते. पेशी एमडीसीके, म्हणजे कुत्र्याच्या मूत्रपिंडातल्या, १९५८ पासून वाढवत आणलेल्या. पहिल्या प्लेटवर एकही प्लाक, म्हणजे विषाणूने पेशी मारून पाडलेला ठिपका, उठला नाही. दोन आठवडे मी विषाणूलाच दोष देत होते. मग सीनियर ताईंनी एवढंच विचारलं, "सीरम किती वेळा धुतलंस?"

सीरम म्हणजे पेशी वाढाव्यात म्हणून मीडियात, त्यांच्या पोषक द्रवात, घातलेला रक्ताचा द्रवभाग. विषाणू घालण्याआधी तो मी पेशींवरून एकदाच धुतला होता. इन्फ्लुएन्झाचं हिमॅग्लुटिनिन, म्हणजे पेशीला चिकटणारं त्याच्या अंगावरचं प्रथिन, कापलं गेल्याशिवाय नवा विषाणू पुढच्या पेशीत शिरू शकत नाही. ते कापायला एमडीसीकेच्या मीडियात ट्रिप्सिन हे प्रथिनं कापणारं एन्झाइम घालतात आणि उरलेलं सीरम नेमकं त्यालाच निकामी करतं. पुढच्या वेळी पीबीएसने, म्हणजे फॉस्फेट घातलेल्या मिठाच्या बफरने, दोनदा धुतलं. तिसऱ्या दिवशी रंग दिल्यावर जांभळ्या थरात टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे ठिपके दिसले. प्लेट उजेडाकडे धरून मी ते तीनदा मोजले.

हेच ट्रिप्सिन फ्लास्कमधून पेशी सोडवताना त्यांच्या अंगावरची प्रथिनंही छाटतं. विषाणू पेशीवर जिथे चिकटतो तो रिसेप्टर प्रथिनाचा असेल, तर ताज्या सोडवलेल्या पेशींत लागण कमी दिसू शकते. म्हणून प्रथिनं पुन्हा येईपर्यंत रात्रभर थांबा.

न्यूरामिनिडेजचं उलट. इन्फ्लुएन्झा पेशीवरच्या ज्या सिअ‍ॅलिक अ‍ॅसिड या साखरेला धरतो, तेच हे एन्झाइम काढून टाकतं. १९४० च्या दशकात मेलबर्नमध्ये विषाणूशास्त्रज्ञ बर्नेट यांच्या गटाला पटकीच्या जिवाणूत असंच रिसेप्टर नष्ट करणारं एन्झाइम सापडलं होतं. इथे मात्र थांबायचं नाही, कारण काही तासांत पेशी सिअ‍ॅलिक अ‍ॅसिड पुन्हा तयार करतात. एन्झाइम धुवून लगेच विषाणू घाला.

प्लाक कमी झाले म्हणून लगेच खूश होऊ नका. पेशी मेल्या असतील तरी प्लाक कमीच दिसणार. प्लेटमधली एक वेल (खळगा) नुसत्या बफरची, एक उकळून निकामी केलेल्या एन्झाइमची ठेवा, आणि मेलेल्या पेशींना निळं करणारा ट्रिपॅन ब्लू लावून जिवंत पेशी मोजा. माझ्या वहीत सुरुवातीला हे रकानेच नव्हते.

मोजायचा हात सोलापुरातच बसवता येतो. बेकरीतलं यीस्ट, मिथिलिन ब्लू आणि न्यूबाउअर चेंबर (पेशी मोजायची चौकटी आखलेली काचपट्टी) घ्या. निळ्या झालेल्या पेशी मेलेल्या. दोन मैत्रिणींनी एकच थेंब वेगवेगळा मोजायचा आणि आकडे जुळेपर्यंत पुन्हा मोजायचा.