डब्यावर ग्रीक देवाचं नाव छापण्याआधी

नागपूरच्या महाल भागात माझा ऑफसेट प्रेस आहे. मिठाईचे, फरसाणाचे, औषधांचे डबे आम्ही छापतो. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर एक तरुण फरसाणवाला आला. म्हणाला, "ताई, नाव पक्कं झालं. मिडास! हात लावला की सोनं." सोनेरी फॉइल लावून तीन हजार डबे छापले. त्याच्या शाळेतल्या सरांनी डबा हातात घेतला नि विचारलं, "अरे, पुढे काय झालं त्या राजाचं?" पुढे ग्रीक गोष्टीतल्या त्या मिडासच्या हातातली भाकरी सोन्याची झाली, घास तोंडात जाईना, आणि वरदान परत घ्या म्हणून तो देवाच्या विनवण्या करू लागला. खायच्या वस्तूवर उपाशी राजाचं नाव! उरलेले डबे रद्दीत गेले. सरांनी विचारलं ते मीच आधी विचारायला हवं होतं, ही रुखरुख अजून आहे. म्हणून हे लिहिते.

आधी लोक ग्रीक नावं का घेतात ते कारण समजून घ्या, म्हणजे तुम्हाला असं नाव खरंच हवं का ते कळेल. एका शब्दात अख्खी गोष्ट मावते, हे पहिलं. अमेरिकेतल्या ब्लू रिबन स्पोर्ट्स या बूट विकणाऱ्या कंपनीने १९७१ साली आपल्या बुटांना नायकी नाव दिलं, आणि पुढे कंपनीचंही तेच झालं. नायकी म्हणजे ग्रीकांची पंख असलेली विजयाची देवी. जुन्या नावाला तीन शब्द लागत होते, नव्यात एकाच शब्दात सगळं आलं. कॅमेऱ्यांमुळे माहीत झालेल्या जपानी ऑलिंपस कंपनीचं उदाहरण मला फार आवडतं. तिचं मूळ नाव ताकाचिहो. जपानी पुराणांतलं देवांचं ठिकाण ते. बाहेरच्या जगाला ते कळेना, तेव्हा १९२१ मध्ये त्यांनी ग्रीक देवांचा डोंगर घेतला. अर्थ तोच, फक्त तो वाचू शकणारे वाढले.

आपल्याकडे आणखी एक कारण आहे, आणि माझ्या धंद्यात तेच सगळ्यांत मोठं. डबा शेवटी कचऱ्यात जातो. त्यावर गणपती किंवा लक्ष्मी असली की गिऱ्हाईक तो फेकताना अडखळतं, आणि पायाखाली आला तर मन दुखतं. १९९९ चा ट्रेडमार्क कायदाही धार्मिक भावना दुखावणारं चिन्ह नोंदवू देत नाही. उदबत्तीसाठी ‘रामायण’ हे नाव एकट्याला घेता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितलं. अपोलो या ग्रीक देवाची पूजा आपल्याकडे कोणी करत नाही, म्हणून त्याचं नाव टायरवरही चालतं नि दवाखान्यावरही.

मात्र प्रत्येक ग्रीक वाटणारं नाव ग्रीक नसतं. महागड्या बॅगांच्या एर्मेसचं स्पेलिंग ग्रीक देव हर्मीससारखंच, पण ते पॅरिसमध्ये १८३७ साली काम सुरू करणाऱ्या कारागिराचं आडनाव. टायटन घड्याळातली अक्षरं टाटा इंडस्ट्रीज आणि तमिळनाडू यांची आहेत. दुसऱ्याचं बघून उचलू नका.

आता नाव निवडायचं कसं? गोष्ट शेवटपर्यंत वाचा. इकॅरस उंच उडाला एवढंच वाचून ट्रॅव्हल्सला त्याचं नाव देऊ नका, तो समुद्रात पडून मेला. दवाखान्याच्या पाटीचं चित्रही तपासा. धंतोली-रामदासपेठेतल्या डॉक्टरांचं काम आलं की मी विचारते, "साप एक की दोन?" वैद्याचा देव अॅस्क्लेपियस, त्याच्या काठीला एकच साप. दोन साप आणि पंखांची काठी हर्मीसची, तो व्यापाराचा नि चोरांचाही देव. अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय विभागाने १९०२ मध्ये दोन सापांचं चिन्ह घेतलं आणि तो घोळ पसरत गेला.

मग वस्तूपासून गोष्टीकडे जा, उलटं नको. काटोलकडची एक बाई घरी संत्रा बर्फी करते. मला म्हणाली, "ताई, वेगळं नाव पाहिजे, सगळेच संत्रा-संत्रा लिहून राहिले." आम्ही दोघी दुपारभर बसलो. संत्र्यासारख्या फळाला वनस्पतिशास्त्रात हेस्पेरिडियम म्हणतात. ते आलं हेस्पेरिडीसवरून. पश्चिमेच्या टोकाला सोनेरी फळांची बाग राखणाऱ्या त्या अप्सरा. हेराक्लीस या वीराला ती फळं आणायला धाडलं होतं, आणि पुढे युरोपातल्या लोकांना ती फळं म्हणजे संत्री-लिंबंच वाटली. या गोष्टीत कोणी उपाशी मरत नाही, आणि फळ आपलंच! ऐकताना माझ्या अंगावर काटा आला.

नाव लांब होतं, म्हणून ‘हेस्पेरा’ केलं. मग तिला बर्डीच्या बाजारातल्या गर्दीतून सासूला फोन करायला लावला. हे तुम्हीही कराच. नायकीला आपल्याकडे कित्येक जण नाईक म्हणतात. एवढ्या मोठ्या कंपनीचं त्याने बिघडत नाही, पण नवीन माणसाचं बिघडतं. सासूबाईंनी "एस्पेरा" ऐकलं. चालण्यासारखं होतं.

छापण्याआधी ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवर शोध घ्या, नुसतं स्पेलिंग नाही तर सारख्या उच्चाराची नावंही. मालाचे नि सेवांचे ४५ वर्ग आहेत. मिठाई ३० मध्ये येते, फळांचा रस ३२ मध्ये. व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाचे एका वर्गाला ४,५०० रुपये लागतात, आणि नोंदणी दहा वर्षं टिकते. देव कोणाच्या मालकीचा नाही, पण एखाद्या कंपनीने काढलेलं त्याचं चित्र तिचं असतं. केसांच्या जागी साप असलेली मेडुसा हवी असेल तर तुमच्या चित्रकाराकडून नवी काढून घ्या.

आणि पहिल्या खेपेला पाचशेच डबे छापा. हेस्पेराचेही मी तेवढेच छापले. फॉइल लावलं नाही, संत्र्याची एक फांदी, दोन फळं, आणि मागच्या बाजूला चार ओळींत त्या बागेची गोष्ट.