शिरेच्या ग्राफ्टवर बाहेरची जाळी: मापं घेण्याआधी वाचा

माझं दीड वर्ष एका मापाच्या चुकीत गेलं. ते आठवलं की अजूनही पोटात खड्डा पडतो, म्हणून या विषयात नव्याने येणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

हृदयाच्या बायपासमध्ये पायातली शीर का वापरतात आणि अशा जोडलेल्या शिरांपैकी, म्हणजे ग्राफ्टपैकी, निम्म्या दहा वर्षांत का बंद पडतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. शिरेला धमनीचा दाब सोसत नाही, ती फुगते, आतल्या थरात स्नायूपेशी वाढतात. मग बाहेरून आधार द्यायचा म्हटलं की मनात पहिल्यांदा घट्ट पट्टा येतो. माझ्याही आला होता. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या संशोधक गटाने १९९६ मध्ये डुकरांवर वेगवेगळ्या मापांच्या डेक्रॉनच्या (पॉलिएस्टर धाग्याच्या) जाळ्या वापरल्या, तेव्हा सैल, मोठ्या मापाची जाळी सरस ठरली. जाळी आणि शीर यांच्यामधल्या जागेत नवी ऊती आणि बारीक रक्तवाहिन्या भरतात. भोकं मोठी असतील तरच हे नीट होतं, म्हणून सूक्ष्म छिद्रांचं पीटीएफई (टेफ्लॉन) इथे कमी पडतं.

आता माझी चूक. मी ग्राफ्ट काढायचे, तसंच फॉर्मलीनमध्ये, म्हणजे ऊती टिकवणाऱ्या द्रावणात, टाकायचे, काप घेऊन भिंतीची जाडी मोजायचे. जाळीवाली भिंत पातळ, बिनजाळीची जाड! मी खूश होते. पण दाब गेला की मोकळी शीर आकसते. समजा आतला व्यास ५ मिमी आणि भिंत ०.४ मिमी आहे. आकसून व्यास २ मिमी झाला, तर एकही पेशी न वाढता तीच भिंत जवळपास ०.७८ मिमी दिसते. जाळीतली शीर मात्र महिन्याभरात नव्या ऊतीने जाळीला चिकटलेली असते, त्यामुळे ती आकसत नाही आणि पातळच दिसते. म्हणजे मी उपचाराचा परिणाम नव्हे, जाळीचा ताठपणा मोजत होते. पुन्हा सांगते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं: ग्राफ्ट सुमारे १०० मिमी पाऱ्याच्या दाबाखाली फिक्स करा (फॉर्मलीनने टिकवा), दोन्ही गटांत अगदी सारख्या पद्धतीने. आणि नुसत्या जाडीवर विसंबू नका, निओइंटिमा (आतून वाढलेला नवा थर) आणि मीडिया (भिंतीचा मधला, स्नायूंचा थर) यांचं क्षेत्रफळ मोजा. क्षेत्रफळ आकसण्याने फारसं बदलत नाही. पण कापलेली वाहिनी लांबीतही आखडते, आणि तेव्हा क्षेत्रफळसुद्धा वाढलेलं दिसतं; त्यावरचा उपाय शेवटी सांगते.

धातूची जाळी असेल तर साध्या मायक्रोटोमवर (पातळ काप घेणाऱ्या यंत्रावर) काप निघत नाहीत. जाळी सोलून काढायचा मोह टाळा, बाहेरचा थर तिच्याबरोबर फाटून येतो. रेझिनमध्ये (कडक होणाऱ्या प्लास्टिकमध्ये) बसवून घासायला वेळ लागतो. लागू द्या. एक गट रेझिनमध्ये आणि दुसरा पॅराफिन मेणामध्ये, ही पळवाट तर कधीच नको, दोन्हींत ऊती सारखी आखडत नाही.

मार्गदर्शक निवडताना ते तुमच्या स्लाइड स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात का, एवढं आधी विचारा. माझी चूक विभागातल्या तंत्रज्ञ ताईंनी पकडली. मार्गदर्शकांनी फक्त आलेख पाहिले होते.

डुकरांतल्या यशाने हुरळूनही जाऊ नका. २००७ च्या ‘एक्स्टेंट’ नावाच्या चाचणीत माणसांमध्ये डेक्रॉनचं आवरण घातलेली ग्राफ्ट गुठळी होऊन बंद पडली. डुकराच्या मानेतलं ग्राफ्ट आखूड आणि सरळ असतं, हृदयावरचं लांब, वळणदार आणि सतत हलणारं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, कोबाल्ट-क्रोमियम जाळीच्या २२४ रुग्णांच्या चाचणीतही वर्षभरानंतर आतल्या थराच्या वाढीत ठोस फरक सिद्ध झाला नाही. हे वाचून मी आठवडाभर कामाला हात लावला नव्हता.

तरी विषय संपलेला नाही. पॉलिग्लॅक्टिन या शरीरात विरघळणाऱ्या धाग्याच्या सैल आवरणानेही डुकरांत जाडी कमी झाली, हे २००४ पासून माहीत आहे, आणि माझा जीव त्याच वाटेवर आहे. शिरेला आधार सुरुवातीला हवा असतो. परकी वस्तू जन्मभर तिथे ठेवून दाह का वाढवायचा? तुमचे पहिले आकडे खोटे ठरले तरी घाबरू नका. माझी जुनी ग्राफ्ट वाया गेली, पण शस्त्रक्रियेत बसलेला हात वाया गेला नाही, दुसरी फेरी निम्म्या वेळात झाली.

उद्याच सुरुवात करणार असाल तर ग्राफ्ट कापण्याआधी त्यावर दोन टाके घाला, त्यांतलं अंतर वहीत लिहा, आणि फिक्स करताना शीर ताणून तेच अंतर पुन्हा आणा.