दोन पुरवठादार आहेत म्हणून निर्धास्त राहू नका: पुरवठा साखळीतली जोखीम ओळखताना या चुका टाळा

खरेदी विभागात नव्याने आलेल्या कुणालाही ‘धोका कुठे आहे?’ असं विचारलं, की तो लाल-पिवळ्या-हिरव्या चौकटींची एक्सेल उघडून दाखवतो. लाल चौकटींची मला फारशी काळजी नसते, कारण त्यांच्यावर सगळ्यांचीच नजर असते. मी आधी हिरव्या चौकटी तपासतो. कारखान्यातली उत्पादनाची लाइन बंद पडते ती बहुतेक वेळा त्यांच्यामुळे.

त्यातली सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ‘दोन व्हेंडर आहेत, मग काय चिंता!’

आमच्याकडे एक रबरी सील लागायचं. पुरवठादार दोन, वाटणी साठ-चाळीस, दोघांचे कारखाने एकमेकांपासून लांब. जोखमीच्या रजिस्टरमध्ये त्याच्यापुढे हिरवा रंग मीच भरला होता. एका दुपारी तासाभराच्या अंतराने दोघांचे मेल आले: माल उशिरा येईल. संध्याकाळी दोघांना फोन केला तेव्हा उलगडा झाला. दोघेही रबराचं कंपाउंड एकाच मिक्सिंग युनिटकडून घेत होते आणि तिथल्या मिक्सरचा गिअरबॉक्स फुटला होता. दुसरं कंपाउंड बाजारात मिळत होतं, पण ते वापरायचं तर आधी तेलात बुडवून ठेवण्याची १,००८ तासांची चाचणी, म्हणजे सहा आठवडे. आमचा साठा १२ दिवसांचा. तेराव्या दिवशी लाइन उभी राहिली. कागदावर आमचे दोन पुरवठादार होते, प्रत्यक्षात एकच मिक्सर होता.

मोठ्या कंपन्याही यातून सुटत नाहीत. मोटारींच्या रंगाला चमक देणारं शिरालिक नावाचं रंगद्रव्य २०११ साली जगात एकाच ठिकाणी बनत होतं, जपानमधल्या ओनाहामा इथल्या मर्क कंपनीच्या कारखान्यात. ११ मार्चच्या भूकंपानंतर तो बंद पडला आणि फोर्डला काही काळ्या-लाल छटांच्या गाड्यांच्या ऑर्डरी आवराव्या लागल्या. रंग विकणारे अनेक होते, रंगद्रव्य बनवणारा कारखाना एकच.

तेव्हापासून पुरवठादाराकडे गेलो की कॉन्फरन्स रूमच्या आधी त्याच्या कच्च्या मालाच्या गोदामात जातो. पोत्यांवरची, पिंपांवरची लेबलं वाचतो आणि वहीत उतरवून घेतो. प्रश्नावलीत ‘आमचे सबव्हेंडर गोपनीय आहेत’ असं उत्तर येतं, लेबल मात्र समोरच असतं. मग दोन आकडे शेजारी लिहितो: ही जागा बंद पडली तर माल पुन्हा सुरू व्हायला किती दिवस, आणि आपला साठा किती दिवस पुरेल. पहिला ४२ आणि दुसरा १२ असेल, तर मधले ३० दिवस ही आपली जोखीम. हे काम कंटाळवाणं आहे आणि ते डॅशबोर्ड विकत घेऊन होत नाही. आत भरायची माहितीच गोळा केलेली नसेल, तर स्क्रीनवर काय दिसणार?

दुसरी चूक रुपयांच्या क्रमाने जोखीम लावण्याची. सर्वाधिक खर्चाच्या वीस वस्तूंवर लक्ष द्यायचं आणि बाकीच्या सोडून द्यायच्या, हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. १ फेब्रुवारी १९९७ रोजी जपानमधल्या कारिया इथे टोयोटाचा पुरवठादार असलेल्या आयसिन सेइकीच्या कारखान्याला आग लागली. तिथे ब्रेकमधला दाब सांभाळणारा पी-व्हॉल्व्ह बनायचा. भाग छोटा, स्वस्त. टोयोटाला लागणारे जवळपास सगळे व्हॉल्व्ह तिथूनच येत आणि हाताशी साठा अगदी थोडा असे. काही दिवसांतच टोयोटाचे जपानमधले बहुतेक कारखाने थांबले. इतर पुरवठादारांनी ड्रॉइंग घेऊन आपापल्या मशीनवर व्हॉल्व्ह बनवले, म्हणून साधारण आठवडाभरात गाडी रुळावर आली. स्वस्त भागाचा जास्त साठा ठेवायला पैसेही कमी लागतात. मग तिथे काटकसर कशाला?

पुरवठादाराचं पहिलं आश्वासन जसंच्या तसं धरून बसू नका. मार्च २००० मध्ये अमेरिकेतल्या अल्बुकर्क इथल्या फिलिप्सच्या चिप कारखान्यातली आग दहा मिनिटांत विझली आणि आठवडाभराचा उशीर होईल असं ग्राहकांना कळवलं गेलं. पण धुरामुळे आणि पाण्यामुळे क्लीनरूम, म्हणजे चिप बनवायच्या धूळमुक्त खोल्या, खराब झाल्या होत्या. इथूनच चिप घेणाऱ्या मोबाइल कंपन्यांपैकी नोकियाने लगेच रोज पाठपुरावा सुरू केला आणि इतरत्र क्षमता मिळवली. एरिक्सन नुसती वाट बघत राहिली आणि तिचं नुकसान कोट्यवधी डॉलरमध्ये गेलं.

सरासरी लीड टाइमवर, म्हणजे ऑर्डर दिल्यापासून माल हाती येईपर्यंतच्या वेळेवर, साठा ठरवू नका, वर्षातली सर्वांत उशिरा आलेली खेप बघा.

राखीव साठा पुरवठादाराच्याच आवारात ठेवला असेल, तर आग लागल्यावर कारखान्याबरोबर तोही जाईल.

पुरवठादाराकडे ठेवलेला, भाग बनवायचा साचा आपल्या मालकीचा आहे एवढ्यावर समाधान मानू नका. त्याच्याकडे संप झाला तर गेटमधून तो बाहेर कसा काढणार, हे करारात लिहून घ्या.

टंचाईची बातमी आली की दुप्पट पीओ (खरेदीच्या ऑर्डरी) सोडायची घाई नवशिक्यांना फार असते. सगळेच तसं करतात, खोटी मागणी फुगते आणि चार महिन्यांनी नको असलेला माल गोदामात येऊन पडतो. अशा वेळी मी आकडा बदलत नाही. पुरवठादाराला पुढच्या सहा महिन्यांचा खरा अंदाज लेखी देतो आणि त्यातले पहिले दोन महिने पक्के करून टाकतो.