कौन्सिल टॅक्सचा बँड: आधी मोजा, मग भांडा

आपल्याकडे घरपट्टी मालक भरतो, भाडेकरूला तिचा कागदही दिसत नाही. इंग्लंडमध्ये उलटं आहे. घरात जो राहतो त्याच्या नावानं कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, टॅक्सचं बिल येतं, घर भाड्याचं असलं तरी. दर वर्षी मार्च-एप्रिलात आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी नवा माणूस त्या बिलाचा फोटो टाकतो आणि विचारतो, 'हे भरायचंच असतं का?' भरायचंच असतं. पण त्या बिलावरचं एक अक्षर कुणी बघत नाही, आणि मला लिहायचंय ते त्या अक्षराबद्दल.

ते अक्षर म्हणजे बँड, ए पासून एच पर्यंत. तुमचं घर १ एप्रिल १९९१ रोजी विकायला काढलं असतं तर किती आले असते, यावरून तो ठरतो. घर २०१९ साली बांधलेलं असलं तरी हिशोब १९९१ चाच. पोल टॅक्स, म्हणजे माणशी लावलेला कर, जाऊन १९९३ साली ही पद्धत आली. देशभरची घरं घाईत मोजायची होती, म्हणून कित्येकांची किंमत रस्त्यावरूनच, चालत्या गाडीतून बघून ठरली. त्यानंतर इंग्लंडमध्ये फेरमोजणी झालेलीच नाही. कचऱ्याची गाडी बुधवारऐवजी गुरुवारी यायला लागली तर कौन्सिलला पत्रांवर पत्रं लिहिणारी इथली माणसं या बाबतीत मात्र गप्प आहेत. (वेल्सनं २००३ च्या किमती धरल्या आणि स्कॉटलंडची यंत्रणा वेगळी आहे. मी लिहितोय ते इंग्लंडपुरतं.)

सी म्हणजे ५२,००१ ते ६८,००० पौंड, डी ८८,००० पर्यंत, ई १,२०,००० पर्यंत. हे आकडे बघून हसू नका, ते १९९१ चे आहेत. डी हा पाया. ए वाला त्याच्या दोन तृतीयांश भरतो, एच वाला दुप्पट. २०२५-२६ मध्ये इंग्लंडमध्ये डी बँडचा सरासरी टॅक्स वर्षाला २,२८० पौंड होता, म्हणजे डी चा सी झाला तर वर्षाला अडीचशे पौंड वाचतात. दर मात्र प्रत्येक कौन्सिलचा वेगळा. लंडनच्या वेस्टमिन्स्टरमधला एच बँडचा महाल इतर अनेक गावांतल्या डी बँडच्या घरापेक्षा कमी भरतो. त्यामुळे 'आमचा एफ आहे' असं पार्टीत ऐटीत सांगणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. एफ ही पदवी नव्हे.

तपासायचं दोन पायऱ्यांत. पहिली सोपी. सरकारच्या संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की अख्ख्या गल्लीचे बँड समोर येतात. लॉगिन नाही, ओटीपी नाही. शेजारी कुठल्या बँडात आहे हे असं उघड दिसतं याचं मला पहिल्यांदा फार नवल वाटलं होतं.

दुसरी पायरी लोक गाळतात. आपल्या घराची १९९१ ची किंमत काढायची. लँड रजिस्ट्रीत, म्हणजे मालमत्तेच्या सरकारी नोंदणीत, १९९५ पासूनचे व्यवहार मिळतात. तुमच्या घराचा, नाहीतर शेजारच्या तशाच घराचा, सगळ्यात जुना आकडा घ्या आणि नेशनवाइड या गृहकर्ज देणाऱ्या संस्थेच्या घरकिमतींच्या कॅल्क्युलेटरवर तो १९९१ पर्यंत मागे न्या. हा आकडा पुरावा म्हणून चालत नाही, तो तुमच्या स्वतःच्या माहितीसाठी. दोन्ही पायऱ्यांचं उत्तर 'बँड जास्त लागलाय' असं आलं तरच पुढे जा. नुसता शेजाऱ्यांचा बँड कमी दिसला आणि किंमत मात्र तुमच्या बँडात बसली, तर चूक बहुधा शेजाऱ्यांच्या बँडात आहे. मग त्यांचा वाढेल, तुमचा तिथेच राहील, आणि पुढची दहा वर्षं कुंपणाला कुंपण लावून त्यांच्याच शेजारी राहायचंय.

आता माझी गोष्ट. आम्ही २०११ साली सेमी, म्हणजे एका बाजूनं शेजाऱ्याला चिकटलेलं घर, घेतलं, डी बँड. समोरच्या ओळीतली चार घरं सी. मी बाबागाडी ढकलत गल्लीत दोन फेऱ्या मारल्या, खिडक्या मोजल्या, फोटो काढले आणि त्याच रात्री अर्ज पाठवला. बायको म्हणाली, 'अरे, त्यांना मागे आपल्यासारखं स्वयंपाकघर आहे का?' मी म्हटलं, दर्शनी भाग तर तोच आहे ना! आधीच्या मालकानं मागच्या बाजूला चांगलं पाच मीटरचं एक्स्टेन्शन काढलं होतं. नियम असा की मालकानं घर वाढवलं तरी तो राहतोय तोवर बँड वाढत नाही. घर विकलं की तो फेर तपासता येतो, म्हणजे ओझं येतं घेणाऱ्याच्या डोक्यावर. मी तर स्वतः पत्र पाठवून बोलावणं केलं होतं. उत्तर आलं, बँड ई. आजच्या सरासरीनं वर्षाला पाचशेहून जास्त पौंडांचा फरक. बायको अजून म्हणते, 'आज ना उद्या ते आलंच असतं.' माझं म्हणणं, उद्या आलं असतं.

म्हणून पुन्हा सांगतो, सारख्याची तुलना सारख्याशीच करा. टेरेस (म्हणजे गच्ची नव्हे, ओळीनं एकमेकांना चिकटलेली घरं) असेल तर टेरेसशी, आणि त्यातही कडेचं घर कडेच्याशी. बांधणीचा काळ, खोल्या, आकार जुळला पाहिजे. एक्स्टेन्शन, लॉफ्ट (छपराखाली काढलेली खोली), गॅरेज बघा, आणि तेही मागच्या गल्लीतून बघा. अशी पाच घरं पत्त्यांसकट लिहून पाठवली की अर्जात जीव येतो. १ एप्रिल १९८९ ते ३१ मार्च १९९३ या काळातल्या विक्रीचा कागद हाती लागला तर सोनं. गल्लीत तेव्हापासून राहणारी एखादी आजी असतेच, तिच्याकडे चहाला जा.

अर्ज कौन्सिलकडे करायचा नाही. कौन्सिल फक्त पैसे घेते, बँड ठरवतं व्हॅल्युएशन ऑफिस हे सरकारी कार्यालय. तुम्ही त्या पत्त्यावर नव्यानं करदाते झालात की पहिले सहा महिने रीतसर आव्हान देता येतं. भाडेकरूलाही. निकाल पटला नाही तर तीन महिन्यांत ट्रायब्यूनलकडे, म्हणजे स्वतंत्र लवादाकडे, जाता येतं. सहा महिने उलटले तर फेरतपासणी मागता येते, पण भक्कम पुरावा लागतो. सगळं फुकट आहे. परताव्यातला वाटा घेऊन 'आम्ही करून देतो' म्हणणारे फोन येतात, आपल्यातलेही काही हा धंदा करतात. फोन ठेवून द्या.

निकाल लागेपर्यंत जुन्या बँडाप्रमाणे हप्ते भरत राहा. 'प्रकरण चालू आहे' म्हणून आमच्या ओळखीच्या एकानं भरणं थांबवलं. आधी स्मरणपत्र, मग अख्ख्या वर्षाची रक्कम एकदम, मग कोर्टाचं समन्स आणि वर त्याचा खर्च.

बँड बरोबर निघाला तरी बिल कमी होऊ शकतं. घरात एकच मोठा माणूस असेल तर २५ टक्के सूट. सगळेच पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर टॅक्सच नाही, युनिव्हर्सिटीचं सर्टिफिकेट द्यावं लागतं. पण व्हिसावर 'नो पब्लिक फंड्स' लिहिलेलं असेल तर 'कौन्सिल टॅक्स रिडक्शन' नावाच्या योजनेला हात लावू नका. ती सरकारी मदतीत मोजली जाते आणि व्हिसाच्या अटीचा भंग होतो. एकट्याची २५ टक्के सूट मात्र चालते. नावं सारखी वाटतात म्हणून फॉर्मवर कुठे टिक करताय ते दोनदा वाचा.

आणि बिल नावावर आलं की मतदार यादीतही नाव घाला. भारतीय पासपोर्ट असला तरी आपण कॉमनवेल्थवाले म्हणून इथे मत देता येतं, कौन्सिलच्या निवडणुकीतही. बँड नगरसेवकांच्या हातात नसतो. दर असतो.